मी आवाज दिला नव्हता

कराडच्या एसटी स्टँडवर माझी बॅग डिकीत गेली आणि मला उलटी झाली. गाडी अजून जागची हललीही नव्हती. पप्पांनी पाण्याची बाटली पुढे केली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वासराला पहिल्यांदा टेम्पोत घातलं की असंच करतं. पनवेलपर्यंत सवय हुईल." पप्पा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. माणसांना धीर देतानाही त्यांना जनावरंच आठवायची. आई स्टँडवर आलीच नाही. उंबऱ्यातूनच तिनं मला दहीसाखर दिली आणि हळूच बजावलं, "तिकडं मोठ्यांदा बोलू नगंस. तिकडची माणसं हळू बोलत्यात. हसतील तुला."

गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्याच पुणं, सुरत, दुबई गाठलेल्या मैत्रिणींनो, आपल्या शाळेच्या ग्रुपवर तुम्ही सारखं विचारता, शीतल, तिकडं करमलं का? मी अंगठ्याचं चिन्ह टाकून मोकळी होते. खरं उत्तर लांब आहे आणि त्यात माझी लाज आहे. आज ते लिहिते.

मी कोपरखैरण्याला आत्याकडे राहायचे. आत्याचे मालक, ज्यांना आमच्याकडे मामाच म्हणतात, मार्केटात माथाडी. त्या दोन खोल्यांत भाषा आपलीच होती, त्यामुळे घरात भीती वाटायची नाही. भीती दाराबाहेर सुरू व्हायची. कॉलेज खारघरला. वर्गातल्या पोरी मराठीत सुरुवात करायच्या, हिंदीतून जायच्या आणि इंग्रजीत वाक्य संपवायच्या. मी 'हो' आणि 'नाही' या दोन शब्दांवर पहिला महिना काढला.

फुटबॉलमध्ये मी उंचीमुळे शिरले. स्पोर्ट्सच्या शेट्ये मॅडमनी मला कॉरिडॉरमध्ये थांबवलं आणि विचारलं, "व्हॉलीबॉल खेळलीयेस ना? हात दिसतायत. गोलकीपर पाहिजे मला." मी खरा, जाळी लावलेला गोलपोस्ट तोवर पाहिलाही नव्हता. टीममध्ये आम्ही तेरा जणी. कीपर मी एकटीच.

दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिसला एक उंच बॉल माझ्याकडे आला आणि व्हॉलीबॉलच्या सवयीनं मी ओरडले, "सोडा, मी आलो!" आपल्याकडे बायका आलो-गेलोच म्हणतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. इथे अख्खी टीम पोट धरून हसली. "आलो? अगं तू ताई आहेस की दादा?" पुढचा आठवडाभर मी सगळ्यांची दादा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आज कळतं. तेव्हा मला आईचं बोलणं आठवलं आणि मी तोंड मिटून घेतलं.

रेश्मा आमची कॅप्टन आणि स्टॉपर, म्हणजे गोलच्या पुढ्यात उभी राहून बचाव करणारी. करावे गावची. तिचे वडील खाडीत मासेमारी करतात. तीही त्या दिवशी हसली होती, पण नंतर बूट सोडता सोडता मला म्हणाली, "माज्या घरी ये. आमी कसं बोलतो ते ऐक, मग तू हस. पन ग्राउंडवर वरड गो. तू मागनं बघतेस, मला मागचं दिसत नाय. तूच माजे डोले." कीपरनं ओरडायचं आणि ओरडलं की स्टॉपरनं बॉल सोडायचा, हा नियम मला तिनंच शिकवला. ओरडण्याचा शब्दही ठरलेला होता. 'कीपर!' मी आत्याच्या मोरीत नळ सोडून तो म्हणून पाहायचे. माझ्या तोंडी तो उसना वाटायचा.

सीझन सुरू झाला. पहिली मॅच आम्ही तीन शून्यनं हरलो. दुसरी बरोबरीत सुटली. तिसरी नेरूळच्या मैदानावर होती. माती दगडासारखी, उन्हानं डोळे उघडवत नव्हते, आणि एक शून्यनं आम्ही पुढे होतो. शेवटची पाच मिनिटं. त्यांना कॉर्नर मिळाला, मैदानाच्या कोपऱ्यातून मारायची किक.

बॉल उंच आला. तो माझाच होता, मला स्पष्ट दिसत होतं. मी गोललाइन सोडली, तोंड उघडलं, आणि घशात 'आलो' आला. तो मी गिळला. 'कीपर' शोधला. तेवढ्यात रेश्मा मागे सरकत उडाली. तिला वाटलं, मागून आवाज नाही म्हणजे बॉल आपला. माझ्या दोन्ही मुठी बॉलला लागायच्या, त्या तिच्या कानामागे लागल्या. ती पाठीवर पडली आणि तिचं डोकं त्या मातीवर आपटलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो. तिचे डोळे उघडे होते, आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिला शुद्ध आली. पण ती विचारायला लागली, "आपन जिंकलो का?" मी म्हटलं, हो, एक शून्य. दोन मिनिटांनी पुन्हा, "आपन जिंकलो का?" पुन्हा हो. तासभर असंच चाललं होतं. प्रत्येक वेळी तोच चेहरा, तोच आनंद. मी भिंतीला टेकून उभी होते. डॉक्टर म्हणाले, स्कॅन साफ आहे, मेंदूला मार बसलाय, महिनाभर पूर्ण विश्रांती. तो दिवस कदाचित तिला कधीच आठवणार नाही.

तिची आई धावत आली. हाताला मासळीचा वास, पायात चप्पल नाही. तिनं सगळ्यांना सोडून मला विचारलं, "गो, तू आवाज दिला व्हतास का?"

मी म्हटलं, "हो काकी. दिला होता."

मी ठरवून खोटं बोलले नाही. भीती बोलली. पण एकदा बोलल्यावर ते माझंच होतं. बाजूला शेट्ये मॅडम उभ्या होत्या. त्या हळहळून म्हणाल्या, "मग रेश्मानं सोडायला हवा होता. ऐकलंच नाही पोरीनं." असा दोष माझ्या अंगावरून उठला आणि कॉटवर पडलेल्या रेश्माच्या अंगावर जाऊन बसला.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कशी जगले हे सांगता येत नाही. तिला काही झालं तर, ही एक भीती. खोटं उघडं पडलं आणि सगळ्यांनी मिळून मला गावी पाठवलं तर, ही दुसरी. आणि तिसरी सगळ्यांत घाण. मी आत्याच्या देव्हाऱ्यासमोर हात जोडून मागायचे की रेश्माला काही आठवू नये. मैत्रीण बरी व्हावी हे मागायच्या आधी मी हे मागायचे. अन्न पोटात ठरत नव्हतं. दृष्ट लागली असेल म्हणून आत्यानं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. पप्पांचा फोन आला की मी म्हणायचे, सगळं मस्त आहे.

आठव्या दिवशी रेश्माचा मेसेज आला. "सॉरी यार. मी ऐकलं नाही वाटतं. तुला उगाच टेन्शन दिलं." तीच माझी माफी मागत होती. मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, आणि शेवटी एक हसरा चेहरा पाठवला.

चौथ्या मॅचला मी गोललाइन सोडलीच नाही. बॉल माझ्यासमोरून जायचे आणि मी खांबाला चिकटून उभी. तीन गोल खाल्ले. तरी दुसऱ्या एका टीमच्या हरण्यामुळे आम्ही क्वार्टर फायनलला गेलो. सगळ्या नाचत होत्या. मला वाटलं, संपलं असतं तर बरं झालं असतं.

त्या मॅचला रेश्मा आली होती, बाहेर खुर्चीवर बसून बघायला. खेळ संपल्यावर कुणाच्या तरी पायाचा बॉल उडत तिच्या बाजूला गेला. लांबून गेला खरं तर. पण तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून अंगाचं मुटकुळं केलं. जी पोर कुणाच्याही बुटासमोर डोकं घालायची, ती. मी जवळ गेले तर ती कसनुसं हसली आणि म्हणाली, "घरी बोलतायत, माजे कान गेले. एवढा आवाज दिला तरी ऐकू कसा आला नाय? आय रोज तेल घालते. सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे नेनार हायेत. बाबा तर बोलतात, बहिऱ्या पोरीनं खेलायचं नाय. शीतल, मला खरंच कमी ऐकू येत असेल का गो?"

माझं खोटं तिच्या घरात शिरून तिचे कान खात होतं. ती आता स्वतःच्याच कानांवर विश्वास ठेवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी करावेला गेले. गल्लीच्या तोंडाशी दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा कुत्रं भुंकायला लागलं म्हणून पुढे गेले, धैर्य आलं म्हणून नाही. काकी ओट्यावर कोळंबी सोलत होती. रेश्माचे बाबा दारात चहा पीत होते. रेश्मा आतून बाहेर आली आणि मला बघून खुश झाली, ते सगळ्यांत अवघड गेलं.

मी उभ्याउभ्याच बोलले. "काकी, मी त्या दिवशी आवाज दिला नव्हता. खोटं बोलले. रेश्माचे कान चांगले आहेत."

काकीचे हात थांबले. "म्हंजे माजी पोर बहिरी नाय?"

"नाही काकी."

तिनं डोळे मिटले आणि ओल्या हातांनीच देवाला नमस्कार केला. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "पंधरा दिस. पंधरा दिस मी पोरीच्या कानात तेल ओततेय, आनि तू गप? आय नाय का तुला?"

रेश्मा वळली. आत गेली आणि दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला. बाबांनी कप खाली ठेवला. "मॅडमना सांगितलंस?"

"नाही."

"मग हितं काय रडत उभी हायस? जा, सांग."

सोमवारी मी सांगितलं, मॅडमना आणि मैदानावर सगळ्या टीमला. का ओरडले नाही, तेही सांगितलं. ज्या पोरीनं 'दादा' नाव ठेवलं होतं ती खाली बघत राहिली. मला वाटलं मॅडम मला काढतील, आणि खरं सांगते, तेच हवं होतं. त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाल्या, "काढलं तर तू सुटशील. सुटायचं नाही. गोलमध्ये उभी राहा. कुठल्याही भाषेत ओरड, पण ओरड." त्या दिवशी त्यांनी माझ्यावर इतके बॉल मारायला लावले की माझा घसा बसला.

क्वार्टर फायनलला माझी भीती कमी झाली नव्हती. सकाळी दोनदा उलटी झाली. पण प्रत्येक बॉलला मी ओरडले. "सोडा! आलो! आलो!" समोरची टीम हसली. आमची एकही हसली नाही. एक कॉर्नर तसाच उंच आला. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. रेश्माच्या जागी उभी असलेली पोर खाली वाकली आणि बॉल माझ्या हातात आला. तो छातीशी धरून मी मातीत पडून राहिले. रेफरीला वाटलं, मला लागलंय.

आम्ही दोन एकनं हरलो. दुसरा गोल माझ्याच हातातून निसटला. सीझन तिथंच संपला.

रेश्मा परीक्षा होईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी बोलायला गेले की ती बाजूनं निघून जायची, आणि तिचा तो हक्क होता. शेवटच्या पेपरनंतर कँटीनमध्ये ती समोर येऊन बसली, माझ्या प्लेटमधला वडा उचलला आणि म्हणाली, "तुजा रडका आवाज त्या दिवशी दार बंद असून पन ऐकू येत व्हता. कान एकदम नॉर्मल हायेत." मग आम्ही दोघी हसलो की रडलो, मला आठवत नाही. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा बूट घातले. हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, मात्र तिनं परत कधीच केलं नाही. प्रत्येक उंच बॉलला ती मान खाली घालायची, आणि मागे उभी राहून मी ते बघायचे. ते काही भरून आलं नाही. सगळं भरून येतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता मी रबाळ्याच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते, घणसोलीत भाड्यानं राहते. यंदा आई पहिल्यांदाच माझ्याकडे चार दिवस राहायला आली. काकीनं फोन करून जेवायला बोलावलं. आईला मी फुटबॉलचं सांगितलं होतं. खोट्याचं कधी सांगितलं नव्हतं.

जेवता जेवता काकीनं सगळं सांगून टाकलं. आवाज, दवाखाना, तेल, सगळं. तिला वाटलं, आईला माहीत असेल. माझा घास हातात राहिला. मला वाटलं, आता आई उठेल. ती उठलीच. डावा हात पदराला पुसून रेश्माच्या बाजूला गेली, तिचे केस बाजूला सारून कानामागे बोटं फिरवली. "हितं लागलं व्हतं? आता दुखतंय का गं लेकरा?" रेश्मा म्हणाली, नाय काकू. मग आई माझ्याकडे वळली. "आन् मला इतक्या वर्सांत एक शबुद न्हाई?" काकी लगेच म्हणाली, "तेच ना! गप बसते ही. बोला तिला, चांगलं बोला." दोघींना एकमेकींचे निम्मे शब्द कळत नव्हते, पण मला रागवायला ते कमी पडले नाहीत. वीस मिनिटं दोघींनी मिळून मला झापलं, आणि मध्येच काकीनं न विचारता माझ्या ताटात भात वाढला.

मैत्रिणींनो, करमलं का म्हणून विचारता ना? भीती अजून आहे. नवीन साहेब, नवीन खोली, अनोळखी फोन नंबर, सगळ्याची. पण त्या दुपारी मी मान खाली घालून बोलणी खात बसले होते आणि मला तिथून कुठंच जायचं नव्हतं. असं मला आधी फक्त आपल्या गावातल्या घरी व्हायचं.