सातव्या खळग्यातली हळद

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण आता अख्ख्या खांदा कॉलनीला कळलंय, तेव्हा तुम्हीही ऐका. माझ्या भक्तीपायी सुनेचं वर्षभराचं काम बुडायची वेळ आली होती.

माझी सून पूर्वा तळोज्याला एका प्रयोगशाळेत आहे. करोना सारखा रूप बदलतो ना, तर त्याच्या नव्या रूपांवरही चालेल असं औषध बनवायचं काम. वर्ष गेलं, एकही रसायन लागू पडेना. साहेब म्हणाले, ही शेवटची खेप, नाहीतर गुंडाळा. मी लगेच सोळा सोमवार धरले.

दसऱ्याला तिथे यंत्रांची पूजा असते, घरच्यांनाही बोलावणं होतं. पूर्वाने मला एक प्लास्टिकची ताटली दाखवली, इवल्या इवल्या खळग्यांची.

"आई, प्रत्येक खळग्यात एक नवं रसायन आहे. सोबत विषाणूचा तुकडा. घाबरू नका, निरुपद्रवी असतो. खळगा चमकतो, यंत्र तो उजेड मोजतं. औषध लागू पडलं की तो खळगा विझतो."

ती प्रसाद आणायला गेली. आता तुम्हीच सांगा, यंत्रांना हळदकुंकू, आणि ज्याच्यासाठी मी उपास करतेय त्या औषधाला काहीच नको? झाकण उचललं, सातव्या खळग्यात हळदीचं बोट टेकवलं, हात जोडले.

दुसऱ्या दिवशी फोन. "आई, सात नंबर विझला. पूर्ण विझला."

महादेव पावला. मी पेढे घेऊन मजलाभर फिरले. शेजारच्या शबानाभाभी म्हणाल्या, "मुबारक हो काकी. पहिली गोळी माझ्या अम्मीला हां, तिला दमा आहे." मी चक्क यादी केली. संध्याकाळपर्यंत अकरा नावं.

चार दिवसांनी पूर्वा घरी आली ती पर्ससकट सोफ्यावर बसली.

"तीनदा परत करून बघितलं. सात नंबर काहीच करत नाही. उद्या साहेबांना काय सांगू? त्या पहिल्या ताटलीत म्हणे काहीतरी पिवळं होतं."

"पिवळं म्हणजे," मी हळूच विचारलं, "साधारण हळदीसारखं का गं?"

तिने मान वर केली. "आई…"

"बोटभरच होती. घरी दळलेली."

"अहो, हळद यंत्राचा उजेड गिळते. औषध नसलं तरी खळगा विझलेला दिसतो."

मला रडू फुटायच्या बेतात होतं, तर हीच हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना खरं ते सांगितलं. त्यांनी सगळी ताटली नव्याने तपासायला लावली, आणि एका कोपऱ्यातला खळगा थोडासा मंदावलेला सापडला. थोडासाच, पण खरा. काम चालू राहिलं. मी मात्र अकरा घरी जाऊन नावं खोडून आले.

शेवटी प्रयोगशाळेत झालेल्या चुकीची नोंद करायचा फॉर्म भरायचा होता. 'कारण' या रकान्यात पूर्वाने लिहिलं, सासूबाई. 'पुन्हा घडू नये म्हणून उपाय' हा रकाना तिने माझ्यापुढे सरकवला. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पुढच्या दसऱ्याला सासूबाईंनी दारातूनच नमस्कार करावा', आणि खाली सही केली.