कळण्याची भाकरी आणि माझं बी. ए.

आमच्या घरात चौथीपुढे शिकलेला मी पहिला, आणि बी. ए. होऊन परतलो तेव्हा गावातलाही पहिलाच. याचा अभिमान होता, लपवत नाही. एरंडोलकडच्या एका यात्रेत थोरल्या भावाची कुस्ती ठरली होती, वीस दिवस उरले होते. दोन वर्षं तो चीत झाला होता. "यंदा पडनू तं आखाडा सोडसू," त्यानं सांगून टाकलं होतं.

मी माझं आहाराचं पुस्तक उघडलं. दूध हे पूर्णान्न, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पारावर मी ते वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरोघरून दुधाचे लोटे यायला लागले. गावाचा पहिलवान, तो नाही म्हणणार कुणाला? भाऊ सगळे रिचवायचा. भाकरीला पोटात जागाच उरेना. आठव्या दिवशी शंभर बैठका झाल्या न झाल्या तोच तो मातीत बसला. पोट तट्ट, पायांत जोर नाही.

माय चुलीपुढून म्हणाली, "त्याले रेडकू समजना का रे तू?"

"माय, पुस्तकात लिहिलंय..."

"तुना पुस्तकमा उडीद शे का?"

पानं चाळली. डाळींवर अख्खं प्रकरण होतं. घरचंच खाणं, त्यात काय वाचायचं, म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

मायनं दोन लोटे ठेवले, बाकीचं दूध परत धाडलं. ज्वारीत उडीद घालून कळणा दळायला बसली. मी जात्याशेजारी बसलो. नांगरटीच्या दिवसांत उडीद जास्त, रिकाम्या दिवसांत कमी, असा तिचा हिशेब.

"पण जास्त म्हणजे किती?"

"तो दिनभर काय करस, ते देखीसन."

मी रोज उडीद तोलून वहीत लिहिला, शेजारी भावाच्या बैठका मांडल्या. ज्या दिवशी तो आखाड्यात जास्त घुमला, त्याच्या दुसऱ्या दिवशी उडीद वाढलेला. तिला आकडे येत नव्हते. मग हे कळत कसं होतं? मला आजही नीट सांगता येत नाही.

यात्रेत कुस्ती लांबत गेली. समोरचा धापा टाकू लागला, भाऊ उभाच. शेवटी पंचांनी बरोबरीत सोडवली.

आखाडा सोडणार का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो फावडं घेऊन आखाड्यातल्या हौद्याची माती खणायला निघाला. मीही वही घेऊन मागं गेलो. खणणाऱ्या माणसाला किती भूक लागते, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.