एक लांब, दोन आखूड

गोपीचंद कापगते यांना येणारे फोन मागच्या महिन्यापर्यंत साधारण चाळीस सेकंदांचे असायचे. कुणी ‘हॅलो’ म्हणायचं, कुणी तेही नाही. मोबाईल संगणकाच्या डब्याला टेकवला जायचा, बटण दाबल्याचा आवाज यायचा, मग बीप. कापगते बिघाड सांगायचे आणि फोन बंद व्हायचा.

संगणक सुरू होताना पडदा काळाच राहिला, तर दुखणं कुठे आहे ते यंत्र बीप वाजवून सांगतं. कोणत्या मदरबोर्डची कोणती खूण, हे एकसष्ट वर्षांच्या कापगतेंना पाठ आहे. नव्या यंत्रांत बहुधा भोंगा नसतो. म्हणून साकोलीत दुकान होतं तेव्हा हाताखालून गेलेल्या प्रत्येक संगणकात त्यांनी शेंगदाण्याएवढा भोंगा बसवून दिला. पुढे दुकान बंद झालं. पत्नी साधना चार वर्षांपूर्वी वारल्या. मुलगी हैदराबादला असते, रविवारी बोलते. बाकी सहा दिवस घरात येणारा आवाज म्हणजे हे फोन.

मागच्या महिन्यात मोहाडीहून गुंजनचा फोन आला. ती तहसील कार्यालयासमोर लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. कापगतेंनी तीन आखूड बीप ऐकल्या.

“रॅम हाय. काढ, खोडरबरानं घास, परत लाव.”

दोनदा घासून झालं. पडदा काळाच.

“काका, रबर संपाले आलं,” गुंजन म्हणाली. “इथं लोकं उभे हायेत. तुमचे कान त नाही ना गेले?”

ती हसत म्हणाली होती. कापगते हसले नाहीत. कान गेले तर फोनही जाणार, हा हिशेब सोपा होता. संध्याकाळी त्यांनी एक जुना बोर्ड टेबलावर मांडला, रॅम काढून चालू केला, आधी उजवा कान दाबून ऐकलं, मग डावा. दोन्हीकडून ऐकू आलं. पण काय वाजणार हे आधीच माहीत होतं. ती परीक्षा नव्हती.

सकाळी भंडाऱ्याला बस बदलून ते मोहाडीला पोचले.

“तुमी कायले आले, काका? मी भंडाऱ्याचा माणूस बोलावून राहिली होती.”

“चालू कर.”

एक लांब, दोन आखूड. रॅम नव्हे, डिस्प्ले कार्ड.

“काल बी हेच वाजत होतं?”

“हेच त.”

कापगतेंनी तिला मोबाईल डब्याशी धरायला सांगितलं आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडे जाऊन आपल्या फोनवर ऐकलं. तीन आखूड. गुंजनचा मोबाईल नवा होता. एकसारखा आवाज आला की तो त्याला गोंगाट समजून कापत होता, त्यामुळे लांब बीप सुरू होताच तुटत होती. कान शाबूत होते.

परत येऊन त्यांनी खाचेतून निसटलेलं कार्ड दाबून बसवलं. पडदा उजळला. गुंजनने चहा मागवला आणि पुढचा अर्ज उघडला. चहा कापगतेंनी बाकावर एकट्यानेच घेतला.

त्या दिवसापासून त्यांचा नियम आहे: मोबाईल डब्याला लावायचा नाही. बीप आपण ऐकायची आणि तोंडाने वाजवून दाखवायची.

परवा जवाहरनगरच्या क्वार्टरमधून कुलदीप नावाच्या गृहस्थांचा फोन आला.

“मी काय बँडवाला आहो का, काका? बायको पाहून राहिली.”

“पाहू द्या. वाजवा.”

“टूंऽऽऽ... टिक, टिक.”

मागे बाई हसल्याचं ऐकू आलं. खूण पहिल्याच वेळी स्पष्ट होती. कापगतेंनी खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, “आणखी एकदा.”