आधी कूलर बंद

माझी शेवटची पोस्टिंग छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत होती. मी कॅप्टन होते. विषारी वायू आणि रसायनांपासून बचावाचं ट्रेनिंग झालेलं होतं. प्रशासनाच्या विनंतीवरून आमची तुकडी चिकलठाण्याच्या कारखान्यांलगतच्या वस्त्यांमध्ये घरोघरी तयारी शिकवायला जायची. एक गल्ली माझ्याकडं आणि हवालदार दत्ता गाडे यांच्याकडं होती. तिच्या मागेच बर्फाचा जुना कारखाना होता. बर्फ करायला तिथं अमोनिया वापरत.

गाडे सिल्लोडचे. शिकवायचं काम मी हळूहळू त्यांच्यावर सोपवलं. माझं मराठी बरोबर असायचं, पण लोक ऐकायचे त्यांचं. शिकवायचं ते सोपं होतं. वास आला की पळायचं नाही. घरात यायचं, दारं-खिडक्या बंद करायच्या, फटींना ओले टॉवेल लावायचे, ओलं फडकं नाकाला धरायचं, सांगेपर्यंत बाहेर पडायचं नाही.

पहिल्या सरावात सगळ्या घरांनी हे नीट केलं. फक्त कूलर चालू ठेवले. मे महिना होता.

शेवटच्या घरातल्या नसीमखाला म्हणाल्या, "कूलरचं गवत तर ओलंच असतं बेटा. गॅस तिथंच अडंल ना?"

मी उत्तर जुळवत होते. गाडे म्हणाले, "खाला, पंख्याला काय ओळख हाय? चांगली हवा, वाईट हवा, समदी वढून आत आणतो. आधी कूलर बंद, मग खिडकी."

"आणि आम्ही उकडून मेलो तर?"

"उकडल्यानं घाम येतो खाला. मरत नाय."

जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. त्यानंतर ते गल्लीत शिरले की कुणीतरी दारातूनच ओरडायचं, "हवालदारसाहेब, कूलर बंद हाय बरं का!"

शेवटच्या सरावासाठी आम्ही दुपारी गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. कारखान्यातून शिट्टीसारखा आवाज आला. मग डोळे झोंबले. आम्ही मास्क चढवले. आमच्याकडं दोनच होते. गाडे मेगाफोनवर ओरडले. दारं एकामागून एक लागली. कूलरची घरघर थांबत गेली.

मी रेडिओवर छावणीतल्या कंट्रोल रूमला कळवलं. "टायगर, अल्फा. अमोनिया लीक. वारा गल्लीकडं. ओव्हर."

"अल्फा, टायगर. फायर ब्रिगेड निघाली आहे. आहात तिथंच होल्ड करा. ओव्हर."

तेवढ्यात मागून नसीमखाला आल्या. हातात भाजीची पिशवी होती. गल्लीत शिरू लागल्या, तसं मी त्यांना धरलं.

"सोड मला! चाचा एकटे हायेत. कूलर चालू ठिवून आले मी."

चाचा म्हणजे खालांचे नवरे. ते अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले होते. खिडकीतला कूलर थेट त्यांच्या खाटेवर हवा फेकायचा.

"मॅडम, जाऊ?" गाडेंनी विचारलं.

"जा."

ते धावत गेले. शेवटच्या घराचा कूलर थांबला. बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. मग गाडे दिसले. कूलरनं घरात आधीच गॅस भरला होता, म्हणून चाचांना त्यांनी खांद्यावर घेतलं होतं. मास्क चाचांच्या तोंडावर होता. गाडेंच्या तोंडावर ओला टॉवेल होता.

अँब्युलन्समध्ये ते बसून बोलत होते. आवाज बसला होता. "चाचा लई हलके हायेत मॅडम. आपल्या पाठीवरच्या पिट्टूएवढं बी वजन नाय." खालांनी गाडेंचा हात सोडला नव्हता. "जावई हाय माझा," असं त्या नर्सला सांगत होत्या. खालांना मुलगी नव्हती.

चाचा वाचले. गाडेंच्या फुप्फुसांत पाणी भरत गेलं. दोन दिवसांनी मिलिटरी हॉस्पिटलमध्ये ते वारले.

त्यांचं सामान द्यायला मी सिल्लोडला गेले. त्यांच्या पत्नी, सुनंदाताई, यांनी चहा दिला. त्या दिवसाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. रिकामा कप उचलताना म्हणाल्या, "ते गल्लीत लई बोलायचे म्हणं. खाला येऊन सांगून गेल्या. घरी तर तोंड उघडत नव्हते. काय बोलायचे?"

मी सांगितलं. एकदा गल्लीतल्या बकरीनं त्यांचा हातमोजा खाल्ला. स्टोअरमध्ये कारण विचारलं, तेव्हा ते सावधानमध्ये उभे राहून म्हणाले, "सर, हातमोजा बकरीच्या ताब्यात हाय. चौकशी केली, पण ती कबूल व्हईना."

सुनंदाताई हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"अजून सांगा," त्या म्हणाल्या.

मी अंधार पडेपर्यंत हवालदार दत्ता गाडे यांच्याबद्दल सांगत होते.