बंद घरांचा सर्वे

दसरा झाला की आमच्या घरात किल्ल्या यायला लागतात. डोंगराच्या पायथ्याला, गायरानाला लागून एक वस्ती आहे. तिथली अकरा घरं दरवर्षी ऊसतोडीला जातात. कोणी श्रीरामपूरकडच्या कारखान्याला, कोणी आणखी लांब. म्हातारीकोतारीही सोबत जातात, कारण फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, लेकरं सांभाळायला कोणीतरी लागतं. शेळ्याही गाडीत चढतात. जाताना दाराला कुलूप, कुत्र्यांनी दार खरवडू नये म्हणून उंबऱ्यावर बाभळीची फांदी, आणि किल्ली माझ्याकडे. मी गावची अंगणवाडी सेविका. पूर्वी कधीतरी एकीने ठेवली, मग दुसरीने, आणि आता तो रिवाजच पडून गेलाय. स्वयंपाकघरात एका खिळ्यावर त्या टांगलेल्या असतात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधलेली. आमचे हे म्हणायचे, "जामखेडच्या बाजारात कुलपांचं दुकान टाक. निम्मा माल तर घरातच हाय."

मी हसायचे. गेल्या वर्षापासून हसत नाही. त्या खिळ्याकडे नजर गेली की मी उगीच उठून धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेते.

हिरव्या चिंधीची किल्ली माझ्या मैत्रिणीची. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात सुना म्हणून आलो. तिचं घर वस्तीवर सगळ्यात वरचं, गायरानाच्या बांधाला खेटून. त्या गायरानावर वस्तीच्या शेळ्या चरतात, सरपण तिथलंच, आणि खाली जी सामाईक विहीर आहे तिला पाणीही त्याच माळातून पाझरतं. पलीकडच्या अंगाला दगडाची खाण आहे. आधी ती लहान होती. मग सुरुंग वाढले, डंपर वाढले, वस्तीवरच्या वाळवणावर पांढरी धूळ बसायला लागली. आणि मग कळलं की खाणीला आणखी गायरान हवंय, थेट मैत्रिणीच्या बांधापर्यंत.

खडी कोणाला नको असते? माझ्या अंगणवाडीसमोर चिखल व्हायचा, तिथेही याच खाणीची खडी टाकलीय. त्यामुळे खाण म्हटलं की लगेच पदर खोचून भांडायला उठणाऱ्यांतली मी नव्हते. मला वाटायचं, सरकारी जमीन आहे, सरकारी माणसं बघतील. पण बघायला जी माणसं आली, त्यांनी माझ्याच हातात कागद दिले.

गेल्या पौषातली गोष्ट. खाण वाढवायची तर आधी आजूबाजूचा अभ्यास करून अहवाल द्यावा लागतो. ते काम एका खाजगी कंपनीकडे होतं. त्यांचा एक माणूस आला. वयाने माझ्याएवढाच, बोलायला मऊ, धुळीने हैराण झालेला. ग्रामपंचायतीत त्याला कोणीतरी सांगितलं, घरन् घर माहीत असणारी बाई म्हणजे अंगणवाडीची. त्याने मला तक्ते दिले. घरात माणसं किती, जनावरं किती, पाणी कुठलं, गायरान कशासाठी वापरता. गावातली घरं मी झपाझप भरली. मग आम्ही वस्तीवर गेलो.

अकरा घरं, अकरा कुलपं. मी त्याला म्हटलं, "तोडीला गेल्यात सगळी. पाडव्याला येतील."

"आज घरात कोणी आहे का?"

"न्हाई."

"मग बंद लिहा, बाई. आज जे दिसतं ते लिहायचं. नंतर बघतात वरचे."

इथे मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर मी पुढे काय केलं ते कळायचं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या सुपरवायझर मॅडम अचानक तपासणीला आल्या होत्या. वस्तीवरची चार लेकरं तोडीला गेलेली, आणि मी त्यांची हजेरी लावून खाऊ वाटल्याचं दाखवलेलं. परत आली की त्यांना द्यायचा म्हणून डब्यात राखून ठेवला होता, पण ते कोण ऐकून घेणार? सगळ्या सेविकांसमोर मॅडम मला बोलल्या. नोटीस आली. तेव्हापासून माझ्या हाताला एक खोड लागली. दसऱ्यानंतर वस्तीवरच्या नावांवर मी लाल शाईने रेघ मारते आणि पाडव्याला नावं पुन्हा लिहिते. डोळ्यांसमोर नाही तो माणूस कागदावर नाही. मॅडम माझं रजिस्टर आता दुसऱ्या गावांना नमुना म्हणून दाखवतात, आणि मला त्याचा अभिमानही वाटायचा.

तर त्या दिवशी मी वस्तीवर उभी राहून सुवाच्य अक्षरात लिहिलं. घर बंद. माणसं नाहीत. जनावरं नाहीत. विहिरीवर पाचोळा पडलेला होता, म्हणून विहीर वापरात नाही. गायरानावर एकही शेळी नव्हती, म्हणून वापर नाही. अकरा वेळा लिहिलं. खाली सही केली. आणि घरी येऊन भाकरी थापल्या, त्याच खिळ्याखाली बसून.

महिनाभराने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लागली. खाणीच्या विस्ताराबाबत जनसुनावणी, शाळेच्या मैदानात. अहवालाचा मराठी सारांश टेबलावर ठेवलेला होता, कोणीही वाचावा म्हणून. वाचायला कोणी आलेलं दिसत नव्हतं. मी सहज चाळायला घेतला. "विस्ताराच्या क्षेत्रालगत कायम लोकवस्ती आढळली नाही. गायरानाचा चराईसाठी वापर होत नाही. लगतची विहीर वापरात नाही." पुढे जोडपत्रात झेरॉक्स होती. माझं अक्षर. माझी सही.

मला आधी राग आला तो त्या माणसाचा. नंतर मॅडमचा. नंतर कोणाचा राग धरावा हेच कळेना. बाहेर आले तर चप्पल सापडेना, आणि ती माझ्या पायातच होती. गावात दोन चकरा मारल्या, काही काम नसताना. शेवटी मैत्रिणीला फोन लावला. ती फडात होती. मागून कोयत्यांचे आवाज येत होते.

"सुनावणी हाय," मी म्हटलं. "तुमी दोघं तरी येऊन जा."

"कसं येनार गं? मुकादम न्हाई सोडत. आन आमी काय बोलनार तिथं. तू हायेस की."

सर्वेचं मी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिला कोणीतरी हाक मारली आणि ती फोन ठेवून गेली. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून वाटते.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मॅडमचा फोन आला. सर्वेवर माझी सही असल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मानधनावर आहात. उद्या काही बोलायचं असेल तर विचार करून बोला." मी होय म्हटलं. घरी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू गप बसलीस तर आपल्याला कोन काय म्हननार न्हाई. पन तू गप बसनार हायेस का? सकाळपासनं तिसऱ्यांदा घर झाडतेस."

मैदानात मांडव होता, पुढे खुर्च्या, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. पहिल्या रांगेत खाणीवर कामाला असलेली आणि डंपरवाली माणसं. खाणीतर्फे एक जण पडद्यावर चित्रं दाखवून बोलला. झाडं लावू, पाणी मारून धूळ बसवू, पोरांना काम देऊ. टाळ्या पडल्या. मग अधिकारी साहेबांनी विचारलं, कोणाला काही म्हणायचंय का. दोघा-तिघांनी रस्त्याबद्दल, डंपरच्या वेगाबद्दल सांगितलं. वस्तीतलं कोणी नव्हतंच. साहेब कागद गोळा करायला लागले, तेव्हा मी उठले. माइक हातात आला आणि मी घरी पाठ केलेलं सगळं विसरले.

"साहेब, वस्तीवर मानसं न्हाईत असं अहवालात लिवलंय. ते मीच लिवलंय. ते खोटं हाय."

पहिली रांग वळून बघायला लागली. मी मग थांबलेच नाही. पहिल्या घरात सहा माणसं, दोन शेळ्या. दुसऱ्यात चार माणसं आणि एक पाळण्यातलं. तिसऱ्यात म्हातारी, तिचे दोन लेक, सुना. घराघराची माणसं, कोणाचा जन्म कुठल्या महिन्यातला, कोणतं लेकरू कमी वजनाचं, उन्हाळ्यात विहिरीवर कोण किती खेपा करतं. ज्या नावांवर दरवर्षी रेघ मारायची, ती सगळी मला तोंडपाठ होती. पिशवीतून किल्ल्या काढून मी टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "ही घरं मोकळी न्हाईत. तोडीला गेल्यात मानसं. पाडव्याला येत्यात."

साहेबांनी चष्मा काढला. "मग तेव्हा तसं का लिहिलंत?"

"घाबरले हुते," म्हटलं, आणि खाली बसले.

शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं. त्यात माझं एवढंच आलं, की एका महिलेने सर्वेक्षणाच्या नोंदींवर आक्षेप घेतला. माझं डोकं फिरलं. मी पुन्हा उठले. म्हटलं, आक्षेप नाही साहेब, नोंद चुकीची आहे आणि ती मी केली, असं लिहा. पहिल्या रांगेतून कोणीतरी हसलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, कारकुनाकडे बघितलं, आणि तेवढं लिहून घेतलं.

मॅडमची नोटीस आली ती आली. तिला मी उत्तर दिलं.

पाडव्याच्या दोन दिवस आधी वस्तीची माणसं उतरली. मैत्रीण किल्ली न्यायला आली, उन्हाने काळवंडलेली, हाताला पाचटाचे चरे. चहा झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. सर्वे, सही, सुनावणी. सुनावणीचं जरा जास्तच सांगितलं असेन. ती भांडेल असं मला वाटलं होतं, आणि खरं तर भांडायला हवी होती. तिने हिरवी चिंधी बोटाला गुंडाळली, सोडली.

"घर बंद लिवलंस," ती म्हणाली. "अगं, किल्ली तर तुझ्यापशीच हुती."

आणि ती उठून गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलत होती, हळदीकुंकवाला येत होती, पण ते वाक्य मला दिवसभर कुठेही गाठायचं. लेकरांना खिचडी वाढताना, नळावर, बाजारात.

श्रावणात पत्र आलं की वस्तीचा सर्वे पुन्हा करावा. तोपर्यंत विस्तार थांबलेला. मी कंपनीच्या माणसाला फोन करून सांगितलं, दसऱ्याच्या आत या, माणसं इथे आहेत. तो म्हणाला, बघतो बाई. भाद्रपद गेला, नवरात्र बसलं. कोणी आलं नाही.

या दसऱ्यानंतर किल्ल्या आल्या त्या दहा. हिरव्या चिंधीची आली नाही. मी दोन दिवस वाट पाहिली. विश्वास उडाला, आता दुसऱ्या कोणाकडे दिली असेल, माझ्या मनाने सगळं ठरवून टाकलं. तिसऱ्या दिवशी राहवेना म्हणून वस्तीवर गेले. दहा दारांना कुलपं, काटे. सगळ्यात वरच्या दाराला नुसती कडी. काटा नाही, कुलूप नाही. मी तिथूनच फोन लावला.

"कुलूप लावायचं राहिलं का गं?"

"राहिलं न्हाई. लावलंच न्हाई," ती म्हणाली. "कुलूप दिसलं की बंद लिवत्यात. घरात काय ठिवलं न्हाई म्या. तू बघ जरा."

तेव्हापासून रोज सकाळी अंगणवाडी उघडायच्या आधी मी तिच्याकडे जाते. ओटा झाडते. विहिरीवरून दोन कळशा आणते, म्हणजे पाचोळा बाजूला होतो. चूल पेटवून घोटभर चहा करते. सर्वेचा माणूस कोणत्या दिवशी येईल सांगता येत नाही, आणि आला तर त्याला लांबून धूर दिसायला हवा. माझी अंगणवाडी हल्ली पाच-दहा मिनिटं उशिरा उघडते. मॅडमनी ते लिहून ठेवलंय.

काल गाडीचा आवाज आला म्हणून मी धावत ओट्यावर आले. खाणीचा डंपर होता, रिकामा, वर चाललेला. धूळ बसेपर्यंत मी उभी राहिले. मग आत गेले आणि चुलीत आणखी एक काटकी सारली.