त्या वहीत मी नव्हतो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पोरीलाही नाही. तुम्हाला सांगतो.

शेवटचं आम्ही दोघांनी काय केलं, तर सुकट निवडली. भांडुपच्या चाळीत, गॅलरीत, पेपर पसरून. समोर डोंगरावरचं ऊन उतरत होतं. इंदूला, म्हणजे बायकोला, मी विचारलं, डोंगर कसा दिसतो गं? मान वर न करता ती म्हणाली, "डोंगरासारखो. आणि कसो दिसतलो?"

तुम्ही म्हणाल, यात काय? पण ही बाई असं बोलणारी नव्हती. मी तिला तशी केली.

सही करता यायची नाही तिला. पण गोष्ट सांगायला बसली की चाळीच्या सेक्रेटरीच्या खोलीतला रंगीत टीव्ही सोडून पोरं यायची. तिचा मामा माडावरून पडला, ही गोष्ट मीही सांगायचो—मामा पडला, पाय मोडला, घरी आणला. संपली. तीच गोष्ट ती अर्धा तास सांगायची. शेजारची नवी सून घरात कशी चालते, तर दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखी. सेक्रेटरी हसतो कसा, तर अर्धंच शटर वर केल्यासारखा.

दोन खोल्या सोडून एक मास्तर राहायचे, एकटे. संध्याकाळी गॅलरीत पोरांची शिकवणी घ्यायचे. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक. मी चौथी पास, मला त्यातलं काय कळणार? मास्तर म्हणायचे, पुस्तकात सगळ्यांची तोंडं कमळासारखी, भांडुपात कमळ पाहिलंय कुणी? वहिनी, तुम्हीच द्या एखादी उपमा. आणि ती द्यायची, कांदा चिरता चिरता. मास्तर वहीत लिहून घ्यायचे.

गिरणी बंद पडल्यावर मी मुलुंडला वॉचमन होतो. दमून घरी यायचं आणि हे बघायचं. माझ्या वाट्याला काय? चहा ठेवलाय, रॉकेल संपलंय. जळायचो मी. दुसरा शब्द नाही. मास्तर सज्जन माणूस, तेही कळत होतं—म्हणून जास्तच जळायचो.

एकदा मास्तर पाणी भरायला उठले आणि वही आमच्या उंबऱ्यावर राहिली. अक्षर अक्षर लावून वाचली. सून होती, सेक्रेटरी होता, खोकणारा नळ होता, वाण्याचं मांजरसुद्धा होतं. अख्खी चाळ होती. मी नव्हतो. पंचवीस वर्षांचा संसार, आणि मी कशासारखाच नाही?

दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं, मास्तर तुझं बोलणं शाळेत वाचून दाखवतात, गावंढळ बाई कशी बोलते ते. पोरं हसतात.

ती हातातलं काम थांबवून म्हणाली, "खरां?"

मी म्हटलं, "खरां."

मास्तरांना सांगितलं, तुम्ही लिहून घेता ते तिला आवडत नाही. त्यांनी हात जोडले, शिकवणी पार जिन्याकडे नेली.

त्या आठवड्यात पोरांनी मामाची गोष्ट मागितली. ती म्हणाली, मामा पडलो, पाय मोडलो, घरी हाडलो. आणि उठून आत गेली. माझीच गोष्ट, माझ्याच शब्दांत. मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं—लपवू कशाला? पुढं चार वर्षं ती तशीच बोलली. डोंगराचं मी मुद्दाम विचारलं होतं. पूर्वीची इंदू एकदा ऐकावीशी वाटली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

बाया जमल्या. मास्तर आले, तिच्या पायाशी बसले आणि रडले. मला अजून रडू आलं नव्हतं. माझ्या बायकोसाठी माझ्याआधी हा रडतो? ती समोर तशी पडलेली, आणि मी तिथंही जळलो.

मास्तरांनी डोळे पुसले, मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, वहिनी माझ्यावर का रागावल्या होत्या? माझं काय चुकलं होतं?

सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हटलं, "मास्तर, शेवटपर्यंत तुमचं नाव काढू दिलं नाही तिनं."