कमानीला एक रुपया

सेनगावच्या स्टँडवर त्या वर्षी धुळवडीनंतर आठ दिवस एकच कुजबुज होती. माळतांड्याच्या देविदास राठोडनं बायांकडून वीस हजारांची सुपारी घेतली, तांड्याच्या प्रमुखाला, म्हणजे नाईकाला, समाजमंदिरात कोंडलं आणि आतल्या आत ठोकून काढलं. जीप हिंगोलीला पोचेपर्यंत विसाचे चाळीस हजार झाले. शिरड शहापूरच्या बाजारात देविदासच्या कमरेला पिस्तूल लागलं, तेही दिल्लीहून आणलेलं. हट्टा गावापर्यंत बातमी गेली तेव्हा नाईक मेलेला होता, आणि इकडे नाईक दवाखान्यात बसून चमच्यानं पेज पीत होता. पुढचे दात राहिले नव्हते ना, म्हणून चमच्यानं.

आता हा देविदास कोण, ते आधी ऐका. माणूस म्हणाल तर मुंगी चिरडणार नाही. पंचविशीत ऊसतोड टाळून दिल्लीला पळाला, कुणाच्या तरी ओळखीनं संसदेत फरास म्हणून लागला. खुर्च्या पुसल्या, गालिचे झटकले, आणि पुढं दारावर आला. दारावर म्हणजे साधंसुधं काम नव्हे. सभागृहात मतदान पुकारलं की घंटा वाजते, सदस्य धावत आत येतात, घंटा थांबली की दारं बंद. मग आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. निकाल जाहीर झाला की दारं उघडायची. देशाचा सगळा खर्च या बंद दाराआड मंजूर होतो, आणि ते दार लावणारा हात आपला, याची देविदासला एवढी ऐट की सुट्टीवर आला तरी जेवताना उजवा हात जपून वापरायचा.

त्याची बायको सोजराबाई मात्र या ऐटीला कधी भुलली नाही. "पस्तीस वरसं देशाचं दार लावलं," ती पाणवठ्यावर सांगायची, "अन् घरचं एक लावता येत न्हाई. कुत्रं रोज भाकर घेऊन चाललंय."

निवृत्त होऊन देविदास तांड्यात परतला आणि कट्ट्यावर बसून लोकांना अर्थसंकल्प समजावू लागला. तांड्याला वाटायचं, मंत्री टीव्हीवर वाचतो आणि झालं. देविदास म्हणायचा, "वाचलं म्हंजे काय मिळालं का? एक फेब्रुवारीला नुसतं मागतेत. ह्या खात्याला एवढे, त्या खात्याला तेवढे. त्याला अनुदानाच्या मागण्या म्हणतेत. लोकसभेनं हात वर केल्याबिगर तिजोरीतून एक पैसा हालत न्हाई. मागण्या मंजूर झाल्या की पैसा काढायचा कायदा येगळा, अन् कर बसवायचा कायदा येगळा."

"अन् मार्च सरला, तरी झालं न्हाई तर?" तांड्याचा म्हातारा कारभारी थावरा विचारायचा.

"तर दोन-चार महिन्यांपुरतं लेखानुदान. दिव्याला तेल लागतंच की."

"अन् एवढा पैसा आणतेत कुठून?"

"तुमच्या-आमच्याकडून. काडीपेटीवर कर, कमाईवर कर. तरी पुरत न्हाई. रुपयातले चोवीस-पंचवीस पैसे उसने काढतेत."

"म्हंजे सरकारबी मुकादमाकडून उचल घेतंय!" थावरा मांडी थोपटून हसला. त्याच्या जिवाला फार बरं वाटलं.

हे सगळं कट्ट्यावर राहिलं असतं तर कुणाचे दात पडले नसते. पण तांड्याचा पैसा होता तसाच. घरटी पट्टी आणि होळीची गेर, म्हणजे पुरुषांनी भोवतालच्या गावांत नाचून-गाऊन मिळवलेली रक्कम. हा पैसा नाईकाकडं जमायचा आणि नाईक किसनसिंग मनाला येईल तसा उडवायचा. त्या वर्षी एक लाख ब्याण्णव हजार जमले होते. फेब्रुवारीतच हातपंपानं मान टाकली होती. एप्रिल-मे दोन महिने टँकर आणायचा तर दीड लाख लागणार होते. आणि किसनसिंगानं ठरवलं होतं, तांड्याच्या तोंडाशी वडलांच्या नावाची कमान उभारायची. एक लाख चाळीस हजारांची. गवंड्याशी बोलणं झालं होतं, शेंदरी रंगसुद्धा ठरला होता.

बायांनी ऐकलं आणि भिकाबाई देविदासकडं आली. ही देविदासची थोरली भावजय. पाच फूट उंचीची, पण चालत आली की गडी माणसं बिड्या विझवायची. उन्हाळ्यात पाऊण कोसावरच्या विहिरीतून पाणी आणून आणून तिच्या सुनेचं पोट गेल्या वर्षी सातव्या महिन्यात पडलं होतं. ती बसली नाही. उभ्यानंच विचारलं, "भाऊजी, तुमच्या दिल्लीत असं मनचं खर्चायला निघाले तर काय करतेत?"

देविदासच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणी कामाचं विचारलं होतं. "कपात सूचना आणतेत, भोजाई," तो म्हणाला. "त्या मागणीमागचं धोरणच पसंत न्हाई असं सांगायचं असलं तर म्हणायचं, ही मागणी एक रुपयावर आणा. एक रुपया! अन् अशी कपात मंजूर झाली की सरकार पडलंच म्हणून समजायचं."

"एक रुपया," भिकाबाई पुटपुटली आणि गेली.

नाईकाला सभा घ्यायला राजी करायचं काम देविदासनंच केलं. किसनसिंगाला आपण सभापतीच्या खुर्चीत बसणार हे गोड लागलं. फक्त त्यानं एक पळवाट काढून पाहिली. "काही खर्चावर मतच घेत न्हाईत म्हणत होतास ना? त्यात टाक माह्या बापाची कमान."

"त्याच्यात राष्ट्रपतींचा पगार बसतो, न्यायाधीशांचा बसतो, कर्जाचं व्याज बसतं," देविदास नम्रपणे म्हणाला. "तुमचा बाप बसत न्हाई."

दिवस धुळवडीचा ठरला, कारण ऊसतोडीवरून अन् पुण्याच्या कामावरून माणसं त्याच दिवशी सगळी घरी असतात. आणि इथंच खरी चूक झाली. धुळवडीला तांड्यात बाया खुंटा रोवून त्याला गोडाधोडाचं भांडं बांधतात आणि ओल्या काठ्या घेऊन राखण करतात. पुरुष ते भांडं पळवायला येतात आणि मार खातात. वर्षभर डोईवरचा पदर न ढळू देणारी बाई त्या दिवशी दिराच्या पाठीवर वळ उमटवते आणि दीर हसत हसत सोसतो. तो खेळ दुपारी आटोपला आणि सगळे तसेच सभेला आले. बायांच्या हातात काठ्या, पुरुषांच्या पोटात दारू, आणि ओळखू येऊ नये इतका सगळ्यांना रंग. दिल्लीत लोक सभागृहात कागद घेऊन येतात, हे देविदास सांगायला विसरला होता.

समाजमंदिर म्हणजे एकच खोली, गजांच्या दोन खिडक्या आणि एक लोखंडी जाळीचा सरकता दरवाजा. आत मत देणारी एकशे त्रेचाळीस माणसं. देविदासनं इस्त्रीचा सफारी घातला होता. मंदिराच्या दुरुस्तीची मागणी झाली, जयंतीच्या जेवणाची झाली. नाईक म्हणाला, "आता राहिलेलं सगळं एका दमात घ्या. दिल्लीतबी शेवटच्या दिवशी घेतेत म्हणं."

"घेतेत," देविदास म्हणाला, "पर आधी कपातीचं निकाली काढावं लागतं."

भिकाबाई उठली. "कमानीला एक रुपया."

देविदासनं हातातली पितळी घंटी वाजवली, बराबर साडेतीन मिनिटं, घड्याळात बघून. मग दरवाजा ओढला, आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि दाराला पाठ लावून ताठ उभा राहिला. थावरानं हात मोजले. कपातीच्या बाजूनं एकोणऐंशी. विरुद्ध एकसष्ट. तिघं झोपलेले.

बायकोच्या शेजारी बसून हात वर करणारे अठरा गडी निघाले, ही किसनसिंगाला आयुष्यातली पहिली खबर. त्याचं तोंड रंगाखाली कसं झालं ते दिसलं नाही. दिसला तो त्याचा पोरगा विकास. "माह्या आज्याची किंमत एक रुपया?" तो ओरडला. त्यानं माइकचा लोखंडी दांडा उपटला आणि भिकाबाईच्या वर केलेल्या हातावरच घातला. मनगट मोडल्याचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

पुढचं सांगायला सोपं आहे, बघायला नव्हतं. साठ काठ्या एकदम उठल्या. सकाळी खेळात पाठीवर बसत होत्या त्याच काठ्या आता डोक्यावर, नाकावर, कानशिलावर बसू लागल्या. विकासचा दांडा तिघींनी हिसकला, त्यानं एकीला केसांना धरून भिंतीवर आपटलं, दुसरीनं त्याच्या दंडाचा असा लचका तोडला की तुकडा तोंडातून थुंकला. प्लास्टिकच्या खुर्च्या फुटल्या आणि त्यांचे पाय हत्यारं झाले. कोण कुणाला मारतंय ते रंगामुळं कळेना, म्हणून भाऊ भावाला बडवत होता. थावरा टेबलाखाली गेला तर टेबलच त्याच्यावर मोडलं आणि गळ्याजवळचं हाड गेलं. फरशीवर निसरडं झालं. लोक पडले ते पायांखाली आले.

आणि सगळे दाराकडं धावले.

"देव्या, उघड!"

"निकाल व्हऊ द्या," देविदास म्हणाला.

"अरे माणसं मरून राहिली!"

"सभापतींनी निकाल सांगावा. मग उघडतो."

लोकांनी वळून पाहिलं. किसनसिंग खुर्चीत बसलेला. त्याला देविदासचं बोलणं आठवत होतं, कपात मंजूर झाली की सरकार पडतं. म्हणून तो निकालच सांगेना. ओठ गच्च मिटून बसला होता, आणि समोर त्याचाच पोरगा रक्तानं भरत होता.

विकास देविदासवर आला. "चावी दे." देविदासनं मान हलवली. पहिला ठोसा तोंडावर बसला, दुसरा पोटात. मग खुर्चीचा पाय कानावर. सफारीची बाही खांद्यातून निघाली. डाव्या कानात एक शिट्टी सुरू झाली, ती आजही थांबलेली नाही. तो खाली सरकला, पुन्हा जाळीला धरून उठला आणि पाठ दाराला लावली. समोर भिकाबाई लोंबता हात पोटाशी धरून भिंतीला टेकली होती. ती त्याच्याकडं बघत होती. त्यानं तिच्याकडं बघितलं आणि नजर पुन्हा खुर्चीवर लावली, जशी पस्तीस वर्षं लावली होती.

गर्दीतून सोजराबाईचा आवाज आला, "अगं भिके, माह्या नवऱ्याचा जीव जाईल, पर दार न्हाई उघडायचा तो! त्या नाईकाला बोलतं कर!"

भिकाबाई भिंतीपासून सुटली. डाव्या हातात काठी घेतली. वाटेत आलेल्या दोघांना तिनं आडवं केलं, टेबलाच्या फळीवर चढली आणि किसनसिंगाच्या बंद ओठांवर काठीचं टोक सरळ मुसळासारखं घातलं. एकदा. दोनदा. दुसऱ्यांदा वरचे तीन दात आत गेले.

"निकाल सांगा, नाईक," ती म्हणाली.

किसनसिंग गुरगुरला. तिनं काठी पुन्हा उचलली.

"मं... मंजूर," तो रक्त थुंकत म्हणाला. "कपात मंजूर."

देविदासनं खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, दरवाजा सरकवला आणि बाजूला उभा राहिला. माणसं त्याला तुडवत बाहेर पडली.

तीन जीपांतून सतरा जण दवाखान्यात गेले. तिथं पहिला तासभर नुसतं डोकी धुण्यात गेला, रंग निघाल्याशिवाय जखम कुठली ते कळेना. बेचाळीस टाके, दोन मोडके हात, थावराचं हाड. मेलं कुणी नाही. पोलीस आले, पण तांडा एकतोंडी म्हणाला, "धुळवड होती साहेब, खेळताना लागलं." सगळ्यांना खेळताना लागलं हे लिहून घेताना जमादाराला हसू आवरेना.

तिसऱ्या दिवशी कानाला पट्टी बांधलेला देविदास किसनसिंगाच्या खाटेपाशी गेला आणि म्हणाला, "नाईक, कपात मंजूर झाली. रीतीनं तुमी आता राजीनामा द्यायला पायजे."

किसनसिंगानं पेजेची वाटी त्याच्या अंगावर फेकली. राजीनामा काही दिला नाही, आजही नाईक तोच आहे. पण एक लाख ब्याण्णव हजार त्यानं थावराच्या घरी मुकाट पाठवले. पंधरा एप्रिलपासून दिवसाआड टँकर आला. भिकाबाईचं मनगट वाकडं जुळलं. ती डाव्या हातानं घागर उचलायला शिकली, आणि घागर आता दारातच भरत होती. कमानीच्या जागी एक रुपयाचं नाणं कुणीतरी सिमेंटात बसवून ठेवलं होतं, ते विकासनं पहारीनं उखडलं.

सुपारीचं म्हणाल, तर बायांनी देविदासला काही दिलं नव्हतं. वीस हजार नाहीत की वीस रुपये नाहीत. पिस्तूलही नव्हतं. किल्ली सगळा वेळ त्याच्या खिशात होती, आणि निकाल जाहीर झाला नव्हता म्हणून त्यानं दार उघडलं नाही.